छत्रीला किती

थोरलीने चिठ्ठी उघडली, वाचली आणि नाकातून हवा सोडली. 'मी बागेतल्या झाडांना आकार देतो. मोर, हत्ती, बदक. बदकाला मागणी जास्त आहे.' तिने पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि खालच्या चौकटीत दोनचा आकडा काढला. तेही झाडाकडे बघून. माणसाकडे बघितलं असतं तर शून्य.

कपाटापलीकडे खुर्ची करकरली. तेवढ्यावरूनच थोरलीला कळलं की पलीकडे या चिठ्ठीला सात मिळाले. झाड म्हटलं की धाकटी विरघळते. ते कापून त्याचं बदक केलं काय नि बदक सोलून त्याचं झाड केलं काय, हिरवं दिसलं की सात. थोरलीने टेबलावरची एक क्लिप उचलली आणि बोटांनी ती सरळ करायला घेतली. तिचा राग असाच निघायचा. दुपारपर्यंत तिच्यापुढे सरळ तारांचा ढीग पडलेला असायचा आणि अख्ख्या ऑफिसात कागदाला लावायला क्लिप मिळायची नाही.

मोजणी खात्यातली ही खोली देशाचा हिरवेपणा ठरवायची. म्हणजे देशातल्या किती हातांना पर्यावरणाच्या उपयोगी पडेल असं काम येतं आणि किती डोक्यांतून तशा नव्या कल्पना निघतात, याचा मिळून एक आकडा काढायचा आणि तो जागतिक संस्थेला पाठवायचा. मग ती संस्था सगळ्या देशांना वर्गातल्या पोरांसारखं नंबराने उभं करायची. त्यासाठी खात्याची माणसं दारोदार जाऊन विचारत, तुम्ही काय काम करता, तुमच्या शब्दांत सांगा. लोक सांगत. स्वतःबद्दल सांगायला कुणाची जीभ जड होते? त्या सांगण्याच्या चिठ्ठ्या होऊन या खोलीत येत. दोन बायकांपुढे त्याच चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे, त्याच क्रमाने. दोघींनी प्रत्येक चिठ्ठीला शून्य ते दहा असा हिरवेपणाचा अंक द्यायचा. दोघींचा अंक जुळला तर तो खरा. नाही जुळला तर चिठ्ठी बाद.

दोघींनी एकमेकींशी बोलायचं नाही, बघायचं नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत असा जागतिक संस्थेचा कडक नियम होता. म्हणून मध्ये कपाट. आणि म्हणूनच साहेबांनी निवडली होती ही जोडी. थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा होत्या. एकाच घराच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर राहायच्या, आणि थोरलीची लेक पहिलीत होती तेव्हापासून एकमेकींशी अवाक्षर बोललेल्या नव्हत्या. लेक आता शाळेच्या शेवटच्या वर्गात होती.

"यांना नियम पाळायला लावावा लागत नाही," साहेब पाहुण्यांना सांगत. "घरूनच पाळून येतात."

त्या दिवशी साहेबांनी दोघींना बोलावून घेतलं. पर्यावरणाचा आकडा काढणाऱ्या या माणसाची खोली इतकी गार असायची की बारा महिने तो स्वेटर घालून बसायचा. थोरली दाराजवळच्या खुर्चीत बसली, धाकटी खिडकीजवळच्या. दोघींच्या मध्ये साहेबांचं टेबल, टेबलावर पहिल्या फेरीचा निकाल.

"एकमत किती झालंय, अंदाज आहे?" साहेबांनी स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढली. "दहात एक. डोळे मिटून आकडे टाकले असते ना, तरी एवढं जुळलं असतं."

त्यांनी निकालाचा कागद पुढे ओढला.

"हे बघा. झाडांची बदकं करणारा. थोरल्या बाई दोन, धाकट्या बाई सात. कंपनीतला पर्यावरण-जाणीव व्यवस्थापक. थोरल्या बाई शून्य, धाकट्या बाई आठ. अहो, माणूस व्यवस्थापक आहे, शून्य कसा असेल?"

"त्याने लिहिलंय, मी जाणीव करून देतो," थोरली म्हणाली. "कशाची ते लिहिलेलं नाही."

"संस्थेने आपली आकडेवारी परत पाठवली. यादीत आपल्या नावापुढे काय छापलंय माहीत आहे? रेघ. आडवी रेघ. ज्या देशात गवत बघायला तिकीट काढावं लागतं, तो देश आपल्या वर."

"रेघेच्या वर सगळेच असतात, साहेब."

साहेबांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. या बाईकडे दुर्लक्ष करण्याचा त्यांचा सराव जुना होता. "आता दुसरी फेरी. नवा गठ्ठा. दहात आठ जुळल्या पाहिजेत. नाहीतर हे काम यंत्राकडे. यंत्राचं बरं असतं. यंत्राला जाऊ नसते."

स्वतःच्या विनोदावर ते थोडं हसले. धाकटी खिडकीबाहेर बघत राहिली.

"आणि आम्ही?" थोरलीने विचारलं.

"तळघर. आवक-जावक. तुम्हाला तर सवय आहे."

सवय होती. थोरलीची नोकरीतली बहुतेक वर्षं तळघरात गेली होती. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का. कागदात काय आहे हे वाचायची गरज नव्हती आणि तिने वाचलं तरी कुणाला फरक पडत नव्हता. घरीही तिचं मत म्हणजे पंख्याचा आवाज, चालू असला तरी ऐकू येत नाही. या खोलीत आल्यावर आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यापुढे माणसं ठेवली होती आणि विचारलं होतं, तुमच्या मते किती? आणि ती म्हणेल तो आकडा लिहून घेतला होता. देश हिरवा झाला काय नि जांभळा झाला काय, तिला पडलेली नव्हती. पण ती चौकट तिला हवी होती.

*

बसमध्ये खांबाला धरून उभी असताना तिला युक्ती सुचली. चार खांब सोडून पुढे धाकटी उभी होती, पाठ करून. रोज एकच बस, एकच थांबा, एकच फाटक, आणि दोघींमध्ये कायम चार खांबांचं अंतर.

धाकटीशी बोलणं तर शक्यच नव्हतं, त्यापेक्षा तळघर परवडलं. पण बोलायची गरजच काय? बदकाचा सात तिने खुर्चीच्या आवाजावरून ओळखला होता. व्यवस्थापकाचा आठही ओळखला असता. मूर्ख माणसाच्या डोक्यात काय चाललंय हे सांगायला ज्योतिषी लागत नाही, कारण तिथे गर्दीच नसते. तेव्हा आपला अंक द्यायचाच नाही. धाकटी काय देईल ते ओळखायचं आणि तेच लिहायचं. दहात आठ काय, दहात दहा जुळतील. मत जाईल, पण चौकट राहील.

मत तसंही परत आणता येईल, पुढच्या फेरीत. असं तिने स्वतःला सांगितलं आणि थांबा आला.

लेक टेबलाशी भूगोलाचं पुस्तक उघडून, त्याच्या आत दुसरंच काहीतरी ठेवून वाचत होती.

"काय गं," थोरलीने भाजी चिरता चिरता सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकूला धूर-बिर चालत नाही ना? भट्टी, वेल्डिंग, असलं काही?"

"काकूला वेल्डिंगच्या ठिणग्या आवडतात. रस्त्यात उभी राहून बघते. का?"

थोरलीने मनातल्या मनात वेल्डिंगचा एक अंक वाढवला. "आणि मोठमोठ्या पदव्यांना भुलते ना ती? लांबलचक नावं असली की?"

लेकीने पुस्तक मिटलं. "आई, तू काकूच्या प्रेमात पडलीस की तिच्यावर खटला भरतेस?"

"विचारलं तेवढं सांग."

"भुलते. परवा त्या नळवाल्याने कार्डावर 'जलव्यवस्था सल्लागार' छापलंय म्हणून तिने त्याला सरबत दिलं."

"मला वाटलंच."

"पण नळ त्याने नीट केला हं," लेक म्हणाली. मग खुर्ची मागे ढकलून उठली. "आज सगळ्यांना झालंय काय? खाली गेलं तर तिथे चौकशी, वर आलं तर इथे चौकशी. मी काय टपालखातं आहे?"

थोरलीचं लक्ष नव्हतं. ती सुरी हातात धरून विचार करत होती की टाक्या धुणाऱ्या माणसाला धाकटी किती देईल. पाणी वाचवतो म्हणून सहा, की हात घाण होतात म्हणून तीन.

*

दुसऱ्या फेरीचा गठ्ठा जाडजूड होता. थोरली कामाला लागली.

'मी झाडांचे जिराफ करतो. मानेला वेळ लागतो.' या देशात झाडांना सुखाने झाड म्हणून जगू द्यायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं दिसत होतं. तिचे स्वतःचे दोन. तिने सात लिहिले.

'मी कागद वाचवण्याची नवी योजना शोधून काढली आणि तिच्या प्रती सर्व विभागांना वाटल्या.' तिचं शून्य. नवकल्पना, म्हणून धाकटी भारावणार. आठ.

'मी जुन्या गाद्या उसवून पुन्हा भरते.' तिचे स्वतःचे सात. पण धाकटीला धुळीची शिंक येते, ती गादीचं नाव वाचूनच नाक मुरडणार. तीन.

'मी हरित कौशल्याचं प्रशिक्षण देणाऱ्यांना प्रशिक्षण देतो.' थोरलीने डोळे मिटले, धाकटीसारखं भाबडं तोंड केलं आणि नऊ लिहिले. लिहिताना तिला एक विचित्र मौज वाटली. मूर्खपणा करायलाही अक्कल लागते. आणि धाकटीपेक्षा चांगली धाकटी तिला होता येत होतं.

कपाटापलीकडून अधूनमधून फुरफुर ऐकू येत होती. नाकातून हवा सोडल्यासारखी. सर्दी झाली असेल, थोरलीला वाटलं. बरं झालं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी तिने पुढची चिठ्ठी उघडली. 'मी छत्र्या दुरुस्त करतो.'

खाली आणखी दोन ओळी होत्या. त्या तिने वाचल्या नाहीत. चिठ्ठी तिने पालथी ठेवली आणि क्लिप उचलली.

थोरलीचे वडील छत्र्या दुरुस्त करायचे. उघडी छत्री आडवी धरली तर जेमतेम मावेल एवढ्या दुकानात. सासरी तिने सांगितलं होतं, वडिलांचं दुकान होतं. ते खरंच होतं. कशाचं ते कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. लहानपणी ती दुकानात बसून वाकलेल्या काड्या सरळ करायची. बाबा एका हाताने छत्री फिरवायचे, दुसऱ्या हाताने सुई, आणि ती पायाशी बसून तारा ओढायची. लग्नानंतर तिने ते कुणालाच दाखवलं नव्हतं. एकदा फक्त धाकटीला. धाकटी नवी नवी घरात आली होती, दोघी बाजारात गेल्या होत्या, धाकटीच्या छत्रीचा दांडा तुटला, आणि कोण जाणे कसं, थोरली तिला दुकानात घेऊन गेली. बाबांनी दांडा बसवून दिला, वर एकही शब्द न बोलता कापडाला टाका घातला. धाकटी तिथे स्टुलावर पाय हलवत बसली होती.

आणि मग ते लग्न. सासरच्या नात्यातलं, भरलेल्या मांडवातलं. बाहेर वारा सुटला, कुणा मोठ्या घरच्या बाईंची छत्री उलटी झाली. धाकटी सगळ्यांदेखत, ठणठणीत आवाजात म्हणाली, "द्या इकडे. आमच्या वहिनींना जमेल. त्यांचे वडील छत्र्याच दुरुस्त करायचे." सगळ्यांनी थोरलीकडे बघितलं. नवऱ्यानेसुद्धा. थोरलीने ती छत्री हातातही घेतली नाही. त्या क्षणापासून तिने धाकटीशी बोलणं सोडलं. धाकटीने पुढे दोन-तीनदा काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, मग तीही सोडून बसली.

क्लिप सरळ झाली होती. थोरलीने चिठ्ठी पुन्हा सुलट केली. स्वतःचा अंक तिने मनातसुद्धा उच्चारला नाही. तो तिला माहीत होता. प्रश्न धाकटीच्या अंकाचा होता, आणि त्याला विचार लागतच नव्हता. भर मांडवात ज्याची किंमत तिने केली होती, त्याची चिठ्ठीवर ती काय वेगळी करणार.

थोरलीने शून्य लिहिलं. गोल, नीट, पेन न उचलता.

*

"मला एक समजावून सांगा," साहेब म्हणाले. "माणसं सुधारतात किंवा बिघडतात. तुम्ही दोघी उलट्या झालात, हे कसं काय?"

तीच गार खोली, त्याच दोन खुर्च्या. साहेबांनी आज मफलरही गुंडाळला होता.

"एकमत किती झालं?" थोरलीने विचारलं. तिला दहात दहा ऐकायचं होतं.

"पहिल्या फेरीत होतं त्याच्याही निम्मं." साहेबांनी कागद उचलला आणि बोट ठेवून वाचायला लागले. "जिराफ करणारा. थोरल्या बाई सात, धाकट्या बाई दोन."

थोरलीने मान वर केली.

"कागद वाचवणारा. थोरल्या आठ, धाकट्या शून्य. मागच्या वेळी व्यवस्थापकाला तुम्ही आठ दिले होते ना, धाकट्या बाई? मग याने काय घोडं मारलं? गाद्या भरणारी. थोरल्या तीन, धाकट्या सात. प्रशिक्षकांचा प्रशिक्षक. थोरल्या नऊ, धाकट्या शून्य. शून्य! अहो, त्याला मी ओळखतो."

दोन, शून्य, सात, शून्य. थोरली एकेक अंक ऐकत होती आणि तिच्या अंगावर काटा येत होता, आणि तो गारव्याचा नव्हता. ते तिचे अंक होते. तिने लिहिले नसलेले, फक्त डोक्यात असलेले. पहिल्यांदा तिला वाटलं, कपाटाला भोक आहे. मग आठवलं, भोक असतं तरी काय दिसलं असतं? कागदावर तर सात होते. धाकटी तिच्या कागदात डोकावलीच नव्हती. ती सरळ तिच्या डोक्यात जाऊन बसली होती, पाय हलवत.

नक्कल, थोरलीला वाटलं. आगाऊ बया. आपली नक्कल करते. फुरफुर सर्दीची नव्हती तर. ती बसून नाकातून हवा सोडत होती, थोरली होऊन.

आणि नक्कल करायला माणूस पाठ असावा लागतो, हे तिला तिच्या मनाविरुद्ध कळलं. ते तिच्याशिवाय या खोलीत कुणाला कळलं असतं?

"आणि हे तर कहरच," साहेब हसले. "छत्र्या दुरुस्त करणारा. थोरल्या बाई शून्य. धाकट्या बाई चक्क दहा. अख्ख्या गठ्ठ्यात एकच दहा दिलाय तुम्ही, तो छत्रीवाल्याला. एवढं काय दिसलं त्यात?"

थोरलीने धाकटीकडे बघितलं. नीट, तोंडाकडे. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. कधी झाले कुणास ठाऊक.

धाकटी तिच्याकडे बघत नव्हती. ती साहेबांच्या टेबलावरच्या कागदाकडे बघत होती, त्यातल्या त्या शून्याकडे. तिचा चेहरा ओढला गेला होता.

"काही नाही, साहेब," ती म्हणाली. "हात चुकला असेल."

"चुकला असेल! देशाचा नंबर तुमच्या हातावर आहे आणि हात चुकतो." साहेबांनी कागद दोघींपुढे सरकवला नाही, ड्रॉवरमध्ये टाकला. "शेवटची संधी. हाच गठ्ठा परत, नव्या कागदावर. संध्याकाळपर्यंत मला एकमत हवंय. नाहीतर उद्या यंत्रवाले येतात खोली मोजायला."

*

खोलीत दोघी आपापल्या बाजूला बसल्या. कपाट मध्ये. कपाटात काय आहे हे इतक्या दिवसांत कुणी उघडून बघितलं नव्हतं. बहुधा जुने अहवाल. देश मागच्या काळात किती हिरवा होता त्याचे.

थोरलीने पहिली चिठ्ठी उघडली. जिराफ. तिने पेन टेकवलं आणि थांबली. आता स्वतःचे दोन लिहिले, आणि पलीकडे धाकटीही स्वतःवर आली, तर दोन आणि सात. दोघी पुन्हा एकमेकींच्या झाल्या, तर सात आणि दोन. एकीने जागेवर राहायचं आणि दुसरीने यायचं असं केलं तरच जुळणार. पण कुणी राहायचं आणि कुणी यायचं, हे बोलल्याशिवाय कसं कळणार?

पलीकडे पेनाचा आवाज नव्हता. खुर्चीचाही नव्हता.

थोरलीने गठ्ठा चाळला आणि छत्रीवाल्याची चिठ्ठी वर काढली. ती समोर ठेवली. घसा खाकरला. इतक्या वर्षांनी पहिला शब्द कोणता बोलायचा, याचा तिने कधी विचार केला नव्हता, कारण तो बोलायचाच नव्हता. शेवटी जो तोंडात आला तो ऑफिसचा निघाला.

"छत्रीला किती?"

कपाटापलीकडे काहीतरी खाली पडलं. पेन असावं.

"दहा दिलेत ना मी," धाकटीचा आवाज आला. सावध, दाराला साखळी लावून बोलल्यासारखा.

"ते माझे होते. तुझे किती?"

थोरली वाट बघत होती. शून्य म्हणाली असती तर तिने सोसलं असतं, त्याची तयारी होती. दहा म्हणाली असती तर ती लोचटपणा म्हणून तिने तिथेच कान बंद केले असते.

"आठ," धाकटी म्हणाली.

आठाची तिने तयारी केलेली नव्हती. "आठ? आणि दोन कुठे गेले?"

"दांडा प्लास्टिकचा बसवतो म्हणतोय." पलीकडे कागद वाजला. "चिठ्ठी पूर्ण वाचलीत का, वहिनी?"

थोरलीने खाली बघितलं. 'मी छत्र्या दुरुस्त करतो. तुटलेला दांडा काढून टाकतो आणि प्लास्टिकचा नवा बसवतो. जुनं लाकूड आता कुणाला नको असतं.' तिने दोन्ही ओळी वाचल्या. मग परत वाचल्या. सगळ्या देशाला जोखायला बसलेली बाई, आणि एवढ्याशा चिठ्ठीच्या तळापर्यंत गेली नव्हती. हे त्या भाबड्या, विरघळणाऱ्या, सल्लागाराला सरबत देणाऱ्या बाईने तिला सांगावं.

"बाबा लाकडाचाच बसवायचे," ती म्हणाली. जरा मोठ्याने.

"माहीत आहे. माझ्या छत्रीला आहे अजून," धाकटी म्हणाली. "पण ही चिठ्ठी त्यांची नाही."

थोरलीने क्लिपकडे हात नेला आणि तसाच परत आणला. बाहेर जिन्यावर बूट वाजले. दोघींनी माना खाली घातल्या. दार उघडलं, साहेबांनी आत डोकावून बघितलं. कपाटाच्या दोन्ही बाजूंना एकेक बाई, एकेक गठ्ठा, आणि टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता.

"उत्तम," ते म्हणाले. "याला म्हणतात स्वतंत्र मूल्यमापन." आणि मफलर सावरत गेले.

बूट खालच्या मजल्यापर्यंत पोचले. थोरलीने छत्रीवाल्याच्या चौकटीत आठ लिहिले. पलीकडेही पेन टेकल्याचा आवाज आला, मग पान उलटल्याचा.

"जिराफाला?" धाकटीने विचारलं.

"सात म्हणून तर बघ," थोरली म्हणाली.